मासे कुठायत?

"मासे कुठायत?"

एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, याचा हिशेब मी केव्हाच सोडून दिला. दूधवाल्याने विचारला. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी विचारला. कुरिअरवाल्या पोराने पार्सल हातात देता देता मान आत घालून विचारला. घोडबंदर रोडवरच्या माझ्या भाड्याच्या वन बीएचकेत, जिथे नॉर्मल माणसं टीव्ही ठेवतात, तिथे अडीच फुटी काचेची टाकी आहे. आत पाणी, दगड, वाळू, वर निळा लाइट आणि अखंड घूंऽऽ करणारा पंप. मासे शून्य.

आई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, रिकाम्या पेटीला दिवा लावून काय बसलीयस? लाइट बिल कोण भरतं?"

"मीच भरते, आई."

"मग ठीक आहे. पण मासे कुठायत?"

उत्तर जरा लांबलचक आहे. आणि त्यात मी काही फार ग्रेट दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

झालं असं की, फेब्रुवारीत माझं एक मोठं पेमेंट आलं. फ्रीलान्सरच्या आयुष्यात मोठं पेमेंट म्हणजे दिवाळी, लग्न आणि वर्ल्ड कप एकाच दिवशी. शहाण्या मुलीने नवा लॅपटॉप घेतला असता. मी टाकी घेतली. त्याचं मूळ बहुधा चौथीच्या सहलीत आहे. साताऱ्याहून एसटीने मुंबईला आलो होतो आणि मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात एका काचेला मी नाक लावून इतका वेळ उभी राहिले की बाईंनी वेणी धरून ओढून नेलं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय २०२० च्या लॉकडाउनमध्ये बंद झालं, त्यामुळे माझ्या भाच्याने ते पाहिलेलंच नाही. ताई जवळच, मानपाड्याला राहते. भाचेबुवा तेव्हा सात वर्षांचे. रविवार म्हणजे मावशीचा, असा आमचा अलिखित करार. त्याने 'फाइंडिंग नीमो' इतक्या वेळा पाहिलाय की डायलॉग संपायच्या आधी तो बोलतो. तर त्याच्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं, आणि क्रॉफर्ड मार्केट गाठलं.

दुकानदार भला माणूस होता. म्हणजे, वाटला. मी गोड्या पाण्याची टाकी बघत होते, त्याने मला अलगद समुद्राकडे वळवलं. टाकी, फिल्टर, पंप, लाइट, मिठाची पिशवी. मागच्या टबमधून त्याने एक ओला, जांभळट दगड काढून दाखवला. "लाइव्ह रॉक, मॅडम. असली समंदर का. इसमें सब जान है." किंमत ऐकून मी तो परत टबात ठेवायला सांगितला आणि सुका, सिमेंटसारखा बनवलेला दगड घेतला. नशीब, पैसे संपले होते. कारण नंतर वाचलं तेव्हा कळलं की रीफ बांधणारे कठीण प्रवाळ २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेलेत. म्हणजे प्रवाळाचे तुकडे समुद्रातून उचलणं, विकणं हा वाघाच्या कातड्याच्या लाइनीतला मामला. मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेल्या मुलीने हा प्रश्न दुकानात विचारायला हवा होता. मी काय विचारलं? "यूपीआय चालेल ना?"

शेवटी त्याने एक बाटली दिली. "इसमें बॅक्टेरिया है. आज डालो, परसों मछली डालो. टेन्शन नहीं लेने का."

मी टेन्शन घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी क्लाउनफिश आला. नारिंगी, अंगठ्याएवढा, अंगावर तीन पांढऱ्या पट्ट्या. त्यातली मधली डाव्या बाजूला अर्ध्यावर तुटलेली, जणू रंगाऱ्याला मध्येच फोन आला. भाच्याने एका मिनिटात नाव ठेवलं, लाडू. मोतीचूरचा, रव्याचा नाही, हेही स्पष्ट केलं. त्या रविवारी तो टाकीसमोर स्टूल घेऊन दोन तास बसला. त्याच्या आईच्या मते हा घरातला विक्रम आहे.

पुढच्या मंगळवारी लाडू खायचा बंद झाला. बुधवारी तो पृष्ठभागाशी एका कोपऱ्यात लटकल्यासारखा दिसायला लागला, कल्ले भराभर हलत होते. मला वाटलं, रुसलाय. खरंच असं वाटलं! मी दुकानात फोन केला. "नया घर है ना मॅडम, सेट हो जाएगा." मी एक स्टोरी पाठवायची होती ती पाठवली आणि झोपले. शनिवारी पहाटे तो वाळूवर आडवा होता.

आता इथे मी जे केलं ते लिहिताना हात थोडा अडतोय. रविवारी सकाळी भाचा येणार होता. मी शनिवारी दुपारी ठाण्याहून लोकल पकडली, सीएसएमटीला उतरले, क्रॉफर्ड मार्केटातून दुसरा क्लाउनफिश आणला आणि टाकीत सोडला. त्याच टाकीत. त्याच पाण्यात. लाडू मरायचं कारण काय, हा प्रश्न मला पडलाच नाही. उद्या काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर पिशवीत होतं.

रविवारी भाचा आला, स्टूल ओढलं, बसला. थोडा वेळ गप्प.

"मावशी, लाडूची पट्टी तुटकी होती."

"अरे, मोठे होतात तशा जुळतात त्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग टाकीकडे. मग म्हणाला, "बरं." आणि स्टूल उचलून जागेवर ठेवून तो टीव्ही बघायला... टीव्ही माझ्याकडे नाहीच. तो माझ्या मोबाइलवर गेम खेळायला बसला. त्याने वाद घातला असता तर बरं झालं असतं.

दुसरा मासा गुरुवारी गेला.

त्या रविवारी मी खरं सांगितलं. दोघांचंही. तो रडेल अशी माझी तयारी होती, चॉकलेट आणून ठेवलं होतं. तो रडला नाही. त्याने एकच विचारलं, "मला कळलं होतं. मग तू पट्टीचं खोटं का बोललीस?"

याला काय उत्तर आहे? तुला वाईट वाटू नये म्हणून, असं आपण मोठी माणसं म्हणतो. मी पण म्हणाले. त्याने चॉकलेट घेतलं नाही.

तो गेल्यावर रागाच्या भरात मी टाकी रिकामी केली. सव्वाशे लिटर खारं पाणी बादल्या-बादल्यांनी मोरीत ओतलं, दगड आणि वाळू नळाखाली खसाखसा धुतली. पाठीचा पार भुगा. मग डोंबिवलीतल्या एका कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवणाऱ्या माझ्या मित्राला फोन लावला आणि सगळं ओकले.

तो शांतपणे ऐकत होता. "टेस्ट किट कुठलं वापरलंस?"

"कुठलं म्हणजे?"

"अच्छा. आणि आता सगळं गोड्या पाण्याने धुतलंस?"

"हो. एकदम स्वच्छ."

"म्हणजे जे थोडेफार बॅक्टेरिया जमायला लागले होते, तेही मारलेस. ग्रेट." मग म्हणाला, "तू घोडबंदरला राहतेस ना? मग तुला लगेच कळेल. तू ओसी नसलेल्या बिल्डिंगमध्ये भाडेकरू घुसवलास. टॉवर चकाचक, लॉबीत इटालियन मार्बल... आणि ड्रेनेज लाइन जोडलेलीच नाही."

ड्रेनेजचा फंडा असा. मासा खातो, घाण करतो आणि कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. अमोनिया म्हणजे माशासाठी विष, त्याचे कल्ले त्याने अक्षरशः भाजतात. लाडू कोपऱ्यात रुसून बसला नव्हता. त्याला श्वास घेता येत नव्हता. समुद्रात हे होत नाही, कारण एक तर समुद्र अफाट आणि दुसरं म्हणजे तिथल्या प्रत्येक दगडावर, वाळूच्या कणाकणावर बॅक्टेरियांची वस्ती असते. एक टोळी अमोनियापासून नायट्राइट बनवते. दुसरी टोळी त्या नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्रेट त्या मानाने गरीब. ते शेवाळ वापरतं किंवा आपण पाणी बदलून काढून टाकायचं. हे एकाचं नव्हे, दोन वेगवेगळ्या टोळ्यांचं काम आहे हे सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं. म्हणजे क्रॉफर्ड मार्केटला ही बातमी पोचायला एवढा उशीर व्हायचं काही कारण नाही.

खाऱ्या टाकीत लोच्या डबल असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास. पीएच एकाने वाढला की अमोनियाचा विषारी हिस्सा साधारण दहापट होतो. म्हणजे गोड्या पाण्यात एखादा मासा ज्या चुकीतून वाचेल, त्या चुकीत लाडू वाचणार नव्हता.

"मग ती बाटली?" मी विचारलं.

"चांगल्या बाटल्या असतात. पण आतला माल जिवंत हवा ना. उन्हात, दुकानाच्या काचेत किती महिने पडली होती कुणास ठाऊक. आणि समजा जिवंत असली, तरी काम झालं की नाही हे तू मोजलंच नाहीस." साधे बॅक्टेरिया वीस मिनिटांत दुप्पट होतात. या टोळ्या भयंकर आळशी, दुप्पट व्हायला अर्धा दिवस, एक दिवस, कधी त्याहून जास्त घेतात. त्यांना घाईत आणता येत नाही. याला 'टाकी सायकल करणं' म्हणतात आणि त्याला चार ते सहा आठवडे, कधी आणखी वेळ लागतो. मासा न घालता.

"मग अमोनिया कुठून येणार?"

"नवसागर माहितीये?"

मला नव्हता माहीत. आईला विचारलं, तर ती खुलली. नवसागर म्हणजे कल्हईवाल्याचा! तिच्या लहानपणी अंगणात भट्टी लावून कल्हईवाला बसायचा, तापलेल्या पातेल्यात कथिल आणि नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर आणि नाकाला झोंबणारा वास. तोच हा. अमोनियम क्लोराइड. फक्त कल्हईचा नाही, शुद्ध, लॅबवाला हवा. तो मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणला. सव्वाशे लिटरला दोन पीपीएम अमोनिया हवा असेल, तर तो लागतो अवघा पाऊण ग्रॅमहून किंचित जास्त. आता एवढं मोजायचं कशावर? माझा स्वयंपाकघरातला काटा पाच ग्रॅमखाली हलत नाही. शेवटी आमच्या नाक्यावरच्या सोनाराकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे, मग पुडीकडे पाहिलं. "नवसागर? डाग द्यायचाय का काही?" म्हटलं, नाही हो, बॅक्टेरियांना जेवण. ते काही बोलले नाहीत, पण आठशे मिलिग्रॅमच्या सहा पुड्या बांधून दिल्या, अगदी गुंजभर सोनं बांधावं तशा.

पाण्याचा आणखी वेगळाच अध्याय. "समुद्र एवढा जवळ, बादलीभर आण की," हे सेक्रेटरी काकांचं मत. आमच्या जवळ आहे ती गायमुखची खाडी. त्या पाण्यात ठाण्याचा आख्खा बायोडेटा आहे. सो, घरीच समुद्र बनवायचा. आरओचं पाणी, त्यात पावणेपाच किलोच्या आसपास मीठ. स्वयंपाकाचं नव्हे, रीफसाठीचं, ज्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे मंडळी असतात. घनता १.०२५. इथे एक गंमत कळली. आपल्या घरच्या आरओमध्ये बऱ्याचदा एक नॉब असतो, जो पाण्याला चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मेकॅनिकला बोलावून तो बंद केला. "मॅडम, पाणी बेचव लागेल." म्हटलं, पिणारे तक्रार करणार नाहीत.

आणि मग विरजण. पवईला एक काका आहेत, दहा वर्षं जुनी समुद्री टाकी असलेले. त्यांनी त्यांच्या टाकीतली मूठभर ओली वाळू डब्यात घालून दिली. पोळी-भाजीच्या डब्यात. ती मी मांडीवर घेऊन बसने आले. दह्यासारखंच आहे सगळं. विरजण चांगलं हवं, ऊब हवी आणि दही लागेपर्यंत भांडं हलवायचं नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहिली पुडी पडली. भाचा आला होता. ताईने जबरदस्तीने पाठवला होता, असा माझा संशय आहे. तो दारातच उभा राहिला. मी म्हटलं, "यात मासा नाहीये. पुढचा महिनाभर तरी नसेल. पण मला एक असिस्टंट लागणारे. आकडे खरे लिहिणारा."

शेवटचं वाक्य मी जाणूनबुजून टाकलं होतं. त्यालाही ते कळलं. स्टूल ओढलं गेलं.

तर पुढचे सात आठवडे माझा हॉल म्हणजे लॅब. काचेच्या छोट्या नळ्या, थेंब मोजायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डाशी ताडून बघायचा. अमोनिया नसेल तर पिवळा, असेल तर हिरवा. नायट्राइट नसेल तर आकाशी, असेल तर जांभळा. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट दणादण हलवावी लागते, नाहीतर औषध तळाशी बसून राहतं आणि आकडा खोटा येतो. हे काम त्याने स्वतःकडे घेतलं आणि त्यावर एक डान्स बसवला. आकडे दोन रेघी वहीत.

पहिला आठवडा, हिरवा. दुसरा आठवडा, हिरवा. माझा पेशन्स संपत आला, त्याचा नाही. पंधराव्या दिवशी हिरवा जरा पोपटी वाटला. वाटला की आहे? यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं एक पीपीएम, तो म्हणाला दोनच. "तुला हवंय म्हणून दिसतंय," हे ऐकून घ्यावं लागलं. अठराव्या दिवशी मात्र पिवळा, स्वच्छ, लिंबाच्या सालीसारखा. पहिली टोळी कामाला लागली होती. मी दुकानात जायला चप्पल शोधणार इतक्यात त्याने दुसरी नळी उचलून दाखवली. गर्द जांभळी. अमोनिया गेला होता, पण आता सगळा नायट्राइट होऊन बसला होता.

आणि तो बसला तो हलेना. तीन आठवडे जांभळा. तेवढ्यात मे सुरू झाला, खोली तेहतीस अंशांवर गेली. टाकी सव्वीसच्या आसपास हवी आणि चिलरची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी. मग पृष्ठभागावर टेबल फॅन लावला. वाफ होऊन पाणी तीनेक अंशांनी थंड होतं, पण रोज दीड-दोन लिटर उडतं. मी शहाणपणा करून खारं पाणीच वरून भरत राहिले. आठवड्याने मोजलं तर घनता १.०२९! पाणी उडतं, मीठ नाही... हे सहावीच्या विज्ञानात असतं. भाच्याने स्केचपेनने काचेवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'फक्त साधं पाणी, मावशी.' एका रात्री तीन तास लाइट गेली तर मी बॅटरीचा एअरपंप धरून बसले होते. कुणासाठी? न दिसणाऱ्या जिवांसाठी. आईला सांगितलं असतं तर ती साताऱ्याहून निघाली असती.

मधल्या काळात एका मासिकाकडून पंचेचाळीस दिवसांत येणारं पेमेंट यायचं होतं, तेही अडकलं होतं. दोन्ही सायकलींचं स्टेटस एकच: प्रोसेसमध्ये आहे.

खरी परीक्षा पुढे होती. मेच्या मध्यावर भाच्याचा आठवा वाढदिवस. टाकी हवी म्हणून पार्टी माझ्याकडे. बिल्डिंगमधली जी पोरं सुट्टीत गावाला गेली नव्हती ती सगळी येणार. आदल्या दिवशी टेस्ट केली, जांभळा. आणि वर वाळूवर, दगडावर, काचेवर चॉकलेटी थर चढलेला. हे डायटम, नव्या टाकीतल्या सिलिकेटवर पोसतात आणि आपोआप जातात, असं मित्राने सांगितलं होतं. दिसायला मात्र कुणीतरी आत चहा ओतल्यासारखं.

त्या रात्री मी मोबाइल हातात घेऊन बसले होते. खोटं कशाला बोलू, दुकानदाराचा नंबर काढला होता. कारण तसं बघितलं तर नायट्राइट समुद्री माशांना गोड्या पाण्यातल्या माशांइतका छळत नाही. खाऱ्या पाण्यातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. अमोनिया तर शून्य आहे. एक छोटा मासा, एका दिवसापुरता, केक कापताना... आठ वर्षांच्या पोराचा वाढदिवस आहे, यार. मी मित्राला मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं, "जगेलही. पण दुसरी टोळी अजून तयार नाही, एवढं तुला नक्की माहितीये. या वेळी तरी माहितीये." मी भाच्याला फोन केला, तो जागाच होता. म्हटलं, "उद्या मासा नसणारे. आणू शकते, पण आपली टेस्ट पास झाली नाहीये. तू सांग."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "जांभळा किती?"

"कार्डावरचा शेवटचा."

"मग नको."

दुसऱ्या दिवशी अकरा पोरं टाकीभोवती. अर्थातच पहिला प्रश्न, मासे कुठायत? दुसरी प्रतिक्रिया, "ईऽऽ, केवढी घाण!" मी किचनच्या दारात समोशांची ताटली घेऊन उभी. वाढदिवसाची टोपी घातलेला माझा भाचा स्टूलवर चढला आणि म्हणाला, "आत दोन टीम आहेत. एक टीम रेडी आहे. दुसरी येतेय. त्या दिसत नाहीत." एक मुलगी म्हणाली, "मग कशावरून आहेत?" तो उतरला आणि वही घेऊन आला.

वहीचा पोरांवर काडीचा परिणाम झाला नाही, ते केककडे वळले. पण मी तिथे थोडी थांबले, समोसे थंड होईपर्यंत.

सेहेचाळिसाव्या दिवशी नायट्राइट एकदम कोसळला. हळूहळू नाही, दोन दिवसांत जांभळ्याचा आकाशी. शेवटची पुडी टाकली, ही फायनल. चोवीस तासांनी अमोनिया पिवळा, नायट्राइट आकाशी. नायट्रेट मात्र लालभडक, म्हणजे सगळा माल रीतसर शेवटच्या स्टेशनला पोचला होता. अर्धं पाणी बदललं, आठवड्याने पुन्हा अर्धं. चहाचा थर विरळ झाला, मग चार गोगलगायी आणल्या. त्या रात्रभर काच चाटतात आणि सकाळी वळणावळणाचे रस्ते दिसतात.

रीफ म्हणाल तर खऱ्या अर्थाने हा रीफ होणार नाही. कठीण प्रवाळ मी ठेवणार नाहीये, ते जिथे आहेत तिथे बरे आहेत. मालवणला आहेत, विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँकेवर आहेत. भाच्याला डायव्हिंग शिकवायचं प्रॉमिस केलंय, आधी मला पोहायला शिकावं लागेल.

मासा या वेळी हॅचरीत वाढलेला हवा, समुद्रातून पकडलेला नको, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे सीएमएफआरआयच्या शास्त्रज्ञांनी कधीच जमवलीये, त्यामुळे पकडलेल्याचा हट्ट कशाला? विक्रेत्याला या वेळी सतरा प्रश्न विचारले. तो वैतागला. असू दे.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी, बाहेर पहिला धो धो पाऊस, पिशवी टाकीत तरंगत ठेवली. तापमान जुळू दिलं, दर पाच मिनिटांनी वाटीभर पाणी मिसळलं. मग तो आत गेला. दगडामागे लपला. वीस मिनिटांनी बाहेर आला आणि पंपाच्या प्रवाहात उगाच उलटा पोहून बघितलं.

भाचा स्टूलवर बसला नाही. त्याने माझा मोबाइल मागितला. काचेला चिकटवून एक फोटो काढला, मग मासा वळेपर्यंत थांबून दुसरा.

"ही डावी बाजू, ही उजवी."

"कशाला रे?"

"असू दे." फोटो त्याने ताईच्या नंबरवर पाठवले. माझ्या मोबाइलमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, असा त्यामागचा हिशेब असावा. मग वही उघडून तारीख लिहिली आणि नळ्या धुवायला घेतल्या.

"नाव काय ठेवायचं?" मी विचारलं.

"आत्ता नाही," तो म्हणाला. "एक महिना होऊ दे. आज अमोनिया बघायचाय की उद्या?"